जेवण होईपर्यंत

"माई, आता परत अंघोळ?" मी बाथरूमच्या दारावर टकटक करून विचारलं. "खाली बस लागलीय. केदार डोकी मोजतोय."

आतून पाण्याचा आवाज तेवढा आला. पहाटे उठून अंघोळ, स्तोत्र, अंबाडा सगळं आटोपून बसलेली बाई, मी नाश्त्याला खाली जाऊन येईपर्यंत पुन्हा डोक्यावरून पाणी घेत होती. जर्मनीतला मे महिना. बाहेर स्वेटरशिवाय पाऊल टाकवत नव्हतं. बाहेर आल्या त्या केसांना टॉवेल गुंडाळून. "घाम आल्यासारखं झालं जरा," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून केस पुसत राहिल्या.

एरवी मी दोन शब्द ऐकवले असते, त्यांनी चार परत केले असते. माझं आणि माझ्या सासूबाईंचं तसंच चालायचं. नवऱ्याला रजा मिळाली नाही म्हणून त्याच्या जागी मी त्यांच्यासोबत युरोपला आले होते, आणि ही अदलाबदल आम्हां दोघींनाही फारशी रुचली नव्हती. पण त्या सकाळी मी गप्प बसले. माझ्याच छातीवर धोंडा होता.

नाश्त्याच्या टेबलावर असतानाच नाशिकहून अभयचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला होता.

"मृदुला, आई जवळ आहे?"

"वर खोलीत आहेत. का रे?"

"दिगूमामा गेला. पहाटे, झोपेतच."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

"मी मिरजेला निघालोय," तो सांगत होता. "दुपारी नेतील. आईला आत्ता विमानात बसवलं तरी ती पोचायची नाही, आणि तुमचं परतीचं तिकीट परवाचं आहेच. तिला आत्ता सांगू नकोस. रात्री जेवण झालं की सांग. आधी कळलं तर ती पाण्याच्या घोटालासुद्धा शिवणार नाही. तिची साखर तुला माहितीय."

माहीत होती. मागच्या आषाढीला गोळी घेऊन कडक उपास केला आणि देवघरातच कोसळल्या. डोकं चौरंगाच्या कोपऱ्यावर आपटायचं, ते थोडक्यात वाचलं.

"जेवल्यावर सांगते," मी म्हटलं.

आपल्याकडे ही रीतच आहे. उपाशी माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. ताट पुरं होऊ देतात, हात धुऊ देतात, मग जवळ बसून सांगतात. लहानपणापासून मी हे बघत आले होते. सांगणाऱ्याला तोवर तोंड किती घट्ट मिटून बसावं लागतं, ते मात्र त्या दिवशी कळलं.

दिगूमामा म्हणजे माईंचे थोरले भाऊ, मिरजेचे घड्याळजी. माई चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. तेव्हापासून वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं या भावानं केलं. त्यांच्या दुकानात एका जुन्या कॅलेंडरातून कापलेलं चित्र लावलेलं होतं, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग नावाच्या गावातल्या चर्चमधल्या घड्याळाचं. पाच-सहा मजले उंच घड्याळ, त्यात ग्रह, बाहुल्या, चंद्र. मामा स्वतः कधी पुण्याच्या पलीकडे गेले नाहीत. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात स्ट्रासबुर्ग आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी माईंच्या पाठीमागे भुंगाच लावला. "शकू, तू जाच. त्यात चंद्राचा एक गोळा आहे, अर्धा काळा, अर्धा सोनेरी. तो आभाळातल्या चंद्राबरोबर फिरतो म्हणतात. फिरतो का बघ आणि मला येऊन सांग."

माईंना युरोपचं काडीचं वेड नव्हतं. पॅरिसचा मनोरा त्यांनी गुडघ्यांचं निमित्त करून बसच्या काचेतून बघितला. त्या आल्या होत्या एवढ्या एका घड्याळासाठी. मनगटावरचं घड्याळही त्यांनी मिरजेच्या वेळेवरच ठेवलं होतं, कारण मामा रोज सकाळी दुकान उघडलं की त्यांना फोन करत आणि पहिला प्रश्न विचारत, "आलं का माझं घड्याळ?"

आणि ते घड्याळ आज येणार होतं. सकाळी ऱ्हाइन नदी ओलांडून फ्रान्समध्ये शिरायचं, आधी कोलमार, मग स्ट्रासबुर्ग, आणि संध्याकाळी परत नदी ओलांडून जर्मनीतल्या हॉटेलात जेवायला.

आमच्या बसमध्ये चालकाच्या समोर एका वाटीत सुपारीचा गणपती बसवलेला होता. रोज निघण्यापूर्वी माई त्याला फूल वाहत आणि मग सगळे आरती म्हणत. त्या दिवशी माई बसमध्ये चढल्या, हातातलं फूल त्यांनी खाडिलकर काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आज तुम्ही वाहा." आरती चालू असताना त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. टाळ्या नाहीत, प्रसादही नाही. मला वाटलं, फोन आला नाही म्हणून बिनसलंय.

केदार आमचा सहल सांभाळणारा. त्याला सांगणं भाग होतं, म्हणून मी बाजूला घेऊन सांगितलं. नेमक्या खाडिलकर काकू मागेच उभ्या होत्या. काकू मनानं मोठ्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोलमार यायच्या आत अख्ख्या बसला कळलं होतं की शकुंतलाबाईंचा भाऊ गेला आणि त्यांना ते माहीत नाही.

सहलीच्या बसमध्ये जागा रोज बदलतात. आज पुढे बसलेला उद्या मागे, हा नियम. निवृत्त मामलेदार देवधर तो असा पाळायचे की कुणी एक रांग चुकवली तर बस थांबवतील. त्या दिवशी आमची पाळी सगळ्यात मागची होती. देवधर पुढच्या सीटवरून उठले, माईंसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपण पुढे बसा. मला आज मागचंच बरं वाटतंय."

माईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि पुढे जाऊन बसल्या.

मग कुणी आवळकाठी दिली, कुणी शाल. खाडिलकर काकूंनी गुडघ्यांखाली स्वतःची उशी सरकवली. रोज भेंड्या लावून बस डोक्यावर घेणारी माणसं हळू आवाजात बोलत होती. कोणी हसलं की शेजारचा त्याला कोपरानं ढोसत होता. इतका चांगुलपणा बघून कुणालाही संशय आला असता.

"आज गाणी नाहीत वाटतं," माई म्हणाल्या.

"सगळे दमलेत," मी म्हटलं.

"हं."

बस एका पुलावर चढली. खाली रुंद, शांत नदी. केदारनं माईकवर सांगितलं की हीच ऱ्हाइन, आपण आता फ्रान्समध्ये आलो.

"हद्द कुठाय?" माईंनी विचारलं.

"गेलीसुद्धा. पुलावरच होती."

"कुणी अडवलं नाही ते?"

"आता नाही अडवत, माई."

त्या वळून मागे नदीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या ओल्या अंबाड्याकडे बघत होते आणि मला भाऊबीज आठवत होती. मी एकुलती एक. भाऊ नसलेल्या मुलीनं चंद्राला ओवाळायचं असतं, म्हणून लहानपणापासून मी दर भाऊबीजेला गच्चीत ताट घेऊन उभी राहायची. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला माई मिरजेला निघाल्या होत्या, नवं लुगडं नेसून, मामांसाठी अनारशांचा डबा घेऊन. माझं ताट बघून म्हणाल्या, "बाई गं, माझं आपलं बरं. मला ओवाळायला हाडामांसाचा भाऊ आहे." त्यांच्या मनात काही वाईट नसणार. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं, आणि आमच्यात जे काही कधी जुळलं नाही, त्याची सुरुवात मी तिथूनच धरते.

आणि आता त्यांना भाऊ नव्हता, हे मला माहीत होतं. कधीकाळी मनातल्या मनात मी असं काही इच्छिलं होतं का, हे स्वतःला विचारायची त्या पुलावर मला भीती वाटली.

कोलमार चित्रातल्यासारखं. लाकडी पट्ट्यांची रंगीत घरं, मधून वाहणारा कालवा, खिडक्याखिडक्यांत फुलं. एका धुराड्यावर काटक्यांचं मोठं घरटं होतं आणि त्यात एक करकोचा एका पायावर उभा होता. माई कालव्याकाठच्या बाकावर बसल्या. मी दुपारचा डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. पुलाव होता. त्यांनी चार घास खाल्ले आणि झाकण लावलं.

"एवढंच? गोळी घेतलीय तुम्ही."

"रात्री जेवीन नीट."

"नक्की?"

"नक्की. जेवल्याशिवाय सोडणार आहेस का तू मला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी घाईघाईनं विषय बदलून करकोचा दाखवला. त्यांनी मान वर करून बराच वेळ तो बघितला.

"आज सगळी फार गोड वागताहेत," त्या म्हणाल्या. "तूसुद्धा."

मी डबा उचलून पिशवीत ठेवला.

बसकडे परतताना केदारनं मला थांबवलं. त्याच्यामागे खाडिलकर काकू आणि देवधर उभे होते. तिघांनी काहीतरी ठरवलंय हे दिसतच होतं.

"ताई, मी काय म्हणतो," केदार म्हणाला, "स्ट्रासबुर्ग आपण बसमधूनच दाखवू या. थेट हॉटेलवर गेलो तर लवकर जेवण लावता येईल. माईंना सांगून टाकू, त्या मोकळ्या होतील."

"आणि ते घड्याळ बघायला नकोच," काकू कुजबुजल्या. "त्यात म्हणे हाडांचा सांगाडा आहे, मृत्यू म्हणून. दर पाव तासाला माणसाचं एकेक वय त्याच्यासमोरून जातं. भाऊ गेलेल्या बाईला ते दाखवायचं का आपण?"

त्यांचं चुकत नव्हतं. मलाही सुटका हवी होती. हे ओझं जितक्या लवकर उतरेल तितकं बरं, असं मला झालं होतं. मी "बघू" म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"घड्याळ बघितल्याशिवाय मी हॉटेलात पाऊल टाकणार नाही."

माई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. किती ऐकलं, तेही कळेना. केदार गडबडला. "माई, तसं नाही, पाऊस येईलसं वाटतंय, म्हणून..."

"पावसात भिजेन. तू मला चर्चच्या दारात सोड आणि सगळ्यांना घेऊन जा हवं तर. मी माझी येईन."

त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. माझ्यावर त्या चिडत तेव्हा आवाज चढायचा. हा खाली गेला होता. देवधरांनी खाकरून म्हटलं, "केदार, कार्यक्रमात आहे ते दाखवायला हवं. नियम तो नियम." आणि बस स्ट्रासबुर्गच्या रस्त्याला लागली.

ते चर्च गुलाबी दगडाचं आहे आणि इतकं उंच की वर बघताना तोल जातो. आमची माणसं माईंच्या पुढेमागे अशी चालली होती की दुरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी मोठी असामी आलीय. दाराशी माई थबकल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर.

"मी आत गेले तर चालेल का गं?"

"चालेल की. सगळे जातात. चपला पण काढायला नकोत."

"ते नाही," त्या म्हणाल्या, मग जरा थांबून, "बरं, चल. यांच्या देवाला काय माहीत."

आत अंधार आणि रंगीत काचांचा उजेड. एका कोपऱ्यात ते घड्याळ होतं. चित्रात बघून त्याची कल्पना येत नाही. खाली मोठी तबकडी, वर मजल्यांवर मजले, सोनेरी काटे, बाहुल्या. जमलेली माणसं माना वर करून वाट बघत होती. खाडिलकर काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मग ते सुरू झालं. वर एका कठड्यावर खरंच एक सांगाडा उभा होता, हातात हाड घेऊन. त्याच्यासमोरून एक बाहुली पुढे सरकली, घंटा वाजली, बाहुली निघून गेली. सांगाडा जागचा हलला नाही. काकूंनी डोळे मिटून घेतले.

माई तिकडे बघतच नव्हत्या.

"चंद्र कुठाय यात?" त्यांनी विचारलं.

मी शोधला. मधल्या भागात एक लहानसा गोळा होता, अर्धा काळा, अर्धा सोनेरी. मामांनी सांगितलं होतं तसाच. मी बोट दाखवलं.

"काल आभाळात कसा होता?"

"काल..." मला आठवलं, जेवणानंतर आम्ही हॉटेलच्या अंगणात उभ्या होतो. "अर्ध्याच्या जरा वर होता."

"तसाच दिसतोय ना?"

"तसाच."

"म्हणजे फिरतो," माई म्हणाल्या.

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून बटवा काढला. जेवणानंतर कातरायला त्या अख्ख्या सुपाऱ्या ठेवत. त्यातली एक त्यांनी घेतली. मग बोटातली सोन्याची अंगठी ओढून काढली. सांध्याशी अडकली होती, पण त्यांनी ती पिळून काढलीच. सुपारी आणि अंगठी चिमटीत धरून त्यांनी हात वर केला, त्या चंद्राच्या दिशेनं, आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू ओवाळलं. तीनदा. भावाला निरांजनानं ओवाळण्याआधी ओवाळतात तसं.

लोक बघत होते. एक गोरी म्हातारी बाजूला सरकली आणि त्यांना जागा करून दिली.

मी जागच्या जागी उभी होते. ते ओवाळणं माझ्या हातांना पाठ होतं. चंद्राला कोण ओवाळतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि मग एकेक गोष्ट आपोआप पुढे आली. थंडीतली ती दुसरी अंघोळ. मरणाचं कानावर पडलं की करतात ती. खाडिलकर काकूंच्या हातात दिलेलं फूल, न घेतलेला प्रसाद. दाराशी थबकलेला पाय. दिवसभर ही बाई भावाचं सुतक एकटी पाळत होती आणि आम्ही सगळे मिळून तिला सांभाळत होतो.

माईंनी अंगठी परत बोटात घातली. माझ्याकडे बघितलं. मी बघितलं हे त्यांना कळलं होतं. मी त्यांचा हात धरला आणि बसपर्यंत सोडला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा हात धरून मी कधी चालले नव्हते.

परतीच्या वाटेवर ती नदी पुन्हा आली, दुसऱ्या पुलावरून. कुणी अडवलं नाही.

हॉटेलात केदारनं लवकर पानं मांडायला लावली होती. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. सगळी बस जेवायला बसली, पण जेवत कुणीच नव्हतं. प्रत्येकाचा एक डोळा माईंच्या ताटावर. माईंनी वरणभात कालवला. एकेक घास सावकाश खाल्ला. पोळी खाल्ली, भाजी खाल्ली. घास फिरत होता, उतरत नव्हता, ते शेजारी बसलेल्या मला दिसत होतं. पाण्याच्या घोटाबरोबर त्या तो उतरवत होत्या. ताटात शीतसुद्धा उरलं नाही. उठून हात धुऊन आल्या, पदरानं तोंड टिपलं, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"जेवले मी," त्या म्हणाल्या. "आता सांग."

सगळीकडे चमचे थांबले.

"माई, तुम्हाला माहितीय," मी म्हटलं.

"हो."

"कधी कळलं?"

"सकाळीच. दादाचा फोन आला नाही. त्याची वेळ कधी चुकत नाही. मीच लावला. कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी काही न विचारता ठेवून दिला." त्या मनगटावरच्या घड्याळाशी चाळा करत होत्या. "विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला खोलीत निजवून ठेवलं असतं, गोळ्या दिल्या असत्या. त्याचं घड्याळ बघायचं राहून गेलं असतं. एवढी एकच गोष्ट त्यानं माझ्याकडे मागितली होती."

"मग एकट्यानं दिवसभर... मला तरी सांगायचं होतं."

"तुझ्याही तोंडावर दिसत होतं की. म्हटलं, ही पोर जेवणापर्यंत थांबायला सांगितलंय म्हणून थांबलीय. थांबू दे. आपणही थांबू."

"आता मी वेगळं काय सांगू, माई? तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"तरी सांग," त्या म्हणाल्या. "आपलं माणूस गेल्याचं आपल्या माणसानं सांगायचं असतं. मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

आपल्या माणसानं, असं त्या म्हणाल्या. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. अंगठीचं बोट सुजून लाल झालं होतं. रीतीप्रमाणे जवळ बसून, हळू आवाजात, त्यांना काहीच माहीत नाही असं धरून मी सांगितलं.

"माई, दिगूमामा गेले. आज पहाटे. झोपेतच गेले, त्रास झाला नाही."

माई माझ्याकडे बघत राहिल्या. मग "अगं आई गं" म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.